कोल्हापुरात रीफ टाकी, म्हणजे खाऱ्या पाण्यात कोरल (प्रवाळ) आणि मासे ठेवलेली टाकी, आहे. पाणी तपासलं तर ठीक, कोरल फुललेले, तरी मासे एकामागून एक मरताहेत. काय झालं असेल?

तुम्ही प्रश्नात जे लिहिलंय तेच आधी एकत्र मांडतो, कारण बरंचसं उत्तर त्यातच आहे. चार फुटी टाकी, नीट चाललेली. नवा ब्लू टँग सोडला, आठवड्याच्या आत तो गेला, पाठोपाठ डॅमसेल आणि मग रॉयल ग्रामा. अंगावर ठिपके नाहीत, जखम नाही. अमोनिया, नायट्राइट शून्य. लेदर कोरल आणि झोअँथिड उघडलेले, क्लीनर श्रिंप (कोळंबी) मजेत. उरलेले दोन क्लाउन मासे खाणं सोडून वेव्हमेकरच्या (पाणी फिरवणाऱ्या पंपाच्या) तोंडाशी उभे, कल्ले जोरात चालताहेत. एक दुकानदार म्हणतो मोरचूद टाका, दुसरा म्हणतो सगळं पाणी बदला.

यातलं काहीच मुख्य टाकीत करू नका. माझ्या मते हा मरीन व्हेल्व्हेट, म्हणजे माशांवर जगणाऱ्या एका सूक्ष्म परजीवीचा आजार आहे, आणि तो असेल तर तुमच्या हातात फार तर एक-दोन दिवस आहेत.

मी इथल्याच एका कॉलेजात प्राणिशास्त्राची प्रात्यक्षिकं घेतो आणि घरी रीफ टाकी सांभाळतो. मासे मरायला लागले की लोक टेस्ट किट घेऊन बसतात. मी आधी विचारतो, टाकीत ठणठणीत कोण आहे? तुमच्याकडे श्रिंप ठणठणीत आहे, आणि तोच सर्वांत भरवशाचा साक्षीदार आहे. तांबं, गंजलेल्या पंपातून सुटलेला धातू, डासांसाठी गल्लीत मारलेला धूर, यातलं काहीही पाण्यात उतरलं असतं तर श्रिंप आणि गोगलगायी माशांच्या आधी किंवा निदान माशांबरोबर गेल्या असत्या. अमोनिया चढला असता तर कोरल मिटले असते. फक्त मासे मरत असतील तर कारण बहुतेक वेळा माशांवरच जगणारं काहीतरी असतं.

तरी आपल्याकडच्या दोन गोष्टी आधी बाजूला काढा. पहिली, लाइट. पावसाळ्यात रात्री तासन्‌तास लाइट जाते. खाऱ्या पाण्यात ऑक्सिजन गोड्या पाण्यापेक्षा साधारण पाचव्या हिश्श्यानं कमीच विरघळतो, त्यात वेव्हमेकर बंद पडला की पहाटेपर्यंत मासे गुदमरतात. पण तसं झालं तर बहुधा मोठा मासा आधी जातो, मरण पहाटेचं असतं, आणि लाइट आली की उरलेले सावरतात. तुमचे मासे दिवसाढवळ्या, लाइट असताना गेलेत. (तरीही निदान एक वेव्हमेकर इन्व्हर्टरवर घ्याच.) दुसरी, पाणी. रत्नागिरीहून कॅन भरून समुद्राचं पाणी आणणारे इथं बरेच आहेत. पावसाळ्यात किनाऱ्यालगतच्या पाण्यात नद्यांचं पाणी मिसळून खारटपणा उतरतो. रिफ्रॅक्टोमीटर (खारटपणा मोजायचं उपकरण) ३५ पीपीटीच्या, म्हणजे हजारात ३५ भाग क्षार असलेल्या, द्रावणावर लावून घ्या आणि मग मोजा, विशिष्ट गुरुत्व १.०२५ च्या आसपास असेल तर ही शंकाही गेली.

आता व्हेल्व्हेटच का, पांढरे ठिपके म्हणजे इक का नाही? इकमध्ये, म्हणजे क्रिप्टोकॅरिऑनमध्ये, मिठाच्या कणासारखे सुटे ठिपके दिसतात, येतात, जातात, आणि मासा बरेच दिवस खात-पीत तग धरतो. व्हेल्व्हेटचा जंतू अमायलोऊडिनियम. तो आधी कल्ल्यांत बसतो. कातडीवर काही दिसायच्या आतच मासा श्वासाला महाग होतो, म्हणून तो जिथं पाण्याचा झोत आहे तिथं तोंड करून उभा राहतो. उजेडही नकोसा होतो. आज रात्री टाकीचे दिवे घालवा, मोबाइलची टॉर्च माशाच्या मागून तिरकी धरा आणि पाठीच्या कडेकडे बघा. बारीक सोनेरी-करडी धूळ बसल्यासारखी दिसली तर शंका उरणार नाही. मात्र दिसली नाही म्हणून व्हेल्व्हेट नाही असं समजू नका. शांत उभ्या क्लाउनच्या कल्ल्यांची उघडझापही मिनिटभर मोजा, ती नेहमीपेक्षा किती वाढलीय ते कळेल.

खात्री हवी असेल तर सूक्ष्मदर्शकाला पर्याय नाही, आणि कोल्हापुरात तो दुर्मीळ नाही. प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या कुठल्याही कॉलेजात जा. मासा नुकताच मेलेला हवा. उशीर झाला की परजीवी त्याला सोडून जातात. फ्रीजरमध्ये ठेवलेला तर नकोच. कल्ल्याचा छोटा तुकडा टाकीतल्याच पाण्याच्या थेंबात ठेवून शंभर पट मोठा करून बघायचा. राजारामपुरीतल्या एका मित्राचा डॅमसेल मी असाच पाहिला होता. कल्ल्याच्या लाल पाकळ्यांमध्ये गडद तपकिरी, पेरूच्या आकाराच्या गाठी चिकटलेल्या, जागची हालत नव्हत्या. तो व्हेल्व्हेट. इकचा जंतू मोठा, गोल आणि सतत गरगर फिरणारा असतो. क्लाउनवर हमखास येणारा ब्रुकलिनेला घेवड्याच्या बीसारखा असतो आणि भराभर पळतो. त्यात अंगावर शेंबडासारखा थर येऊन कातडी सोलते. व्हेल्व्हेटवर चालणारं तांबं त्यावर चालत नाही, फॉर्मॅलिन लागतं. निदान महत्त्वाचं आहे ते यासाठीच.

पण सूक्ष्मदर्शकाची वाट बघत क्लाउन घालवू नका. आधी गोड्या पाण्याची डुबकी द्या. आरओचं पाणी टाकीच्या तापमानाला आणा, चिमूटभर खाण्याच्या सोड्यानं पीएच ८.२ च्या जवळ न्या, एअर पंप लावा आणि मासा पाच मिनिटं त्यात ठेवा. तो आडवा पडेल, घाबरू नका, पण समोरून हलू नका. श्वास थांबतोय असं वाटलं तर लगेच उचला. तळाशी तिळाएवढे पांढरे चपटे तुकडे पडले तर कातडीवरचे कृमी, फ्लूक, आहेत, आणि त्यांना प्राझिक्वांटेल हे कृमिनाशक लागतं. काही पडलं नाही आणि मासा थोडा मोकळा श्वास घेऊ लागला तर व्हेल्व्हेटची शंका आणखी वाढते. ही डुबकी म्हणजे इलाज नाही, थोडी उसंत मिळते एवढंच.

इलाज तांब्याचाच, पण वेगळ्या टाकीत. पंधरा-वीस गॅलनची काचेची टाकी किंवा नवा प्लॅस्टिकचा टब चालेल. वाळू नको, दगड नको, कारण ते तांबं शोषतात. लपायला पीव्हीसी पाइपचे एल्बो ठेवा. सर्व मासे त्यात हलवा, निरोगी दिसणारेसुद्धा. ही टाकी मुख्य टाकीपासून दहा फूट तरी लांब असू द्या, जाळी-बादल्या वेगळ्या ठेवा. हवेत उडालेल्या तुषारांतूनही हा जंतू पसरतो.

आता मोरचूद. द्राक्षाच्या बागेत फवारायचं मोरचूद चमच्यानं मोजून टाकणं हा माशांचा जीव घेण्याचा मार्ग आहे. ते साधं, आयनिक तांबं. त्याची उपचाराची पातळी ०.१५ ते ०.२० पीपीएम, म्हणजे लिटरला फार तर मिलिग्रॅमचा पाचवा हिस्सा, आणि थोडं वर गेलं तरी ते मारक ठरतं. मत्स्यालयासाठी मिळणारं चिलेटेड, म्हणजे दुसऱ्या रसायनात बांधून ठेवलेलं, तांबं वेगळं. त्याची पातळी याच्या दहापट, साधारण २ ते २.५ पीपीएम. कुठलं तांबं आहे हे ठाऊक नसताना आकडा ऐकून औषध टाकू नका. बाटलीवरची पातळी गाठा, तांबं मोजणाऱ्या डिजिटल चेकरनं रोज तपासा आणि महिनाभर ती उतरू देऊ नका. अमोनिया वाढला तर पाणी बदला आणि नव्या पाण्यात त्याच पातळीचं तांबं घाला. क्लोरीन-अमोनिया मारणारी कंडिशनरं तांब्याबरोबर वापरू नका, त्यांच्यामुळे तांबं जास्त विषारी होतं. मुख्य टाकीत तांब्याचा थेंबही गेला तर कोरल आणि श्रिंप हातचे जातील.

मुख्य टाकी ७६ दिवस माशांविना ठेवायची. व्हेल्व्हेट त्याआधीच संपतो, पण सोबत इक असेल तर त्याच्या दगडावर चिकटलेल्या गाठी उशिरापर्यंत फुटत राहतात, म्हणून एवढा अवधी. या काळात श्रिंपला थोडं खाणं घालत राहा, नाहीतर नायट्रेट-फॉस्फेट शून्यावर जाऊन कोरल फिके पडतील. आणि तेवढ्यात दुकानात चांगला कोरल किंवा गोगलगाय दिसली तरी आणू नका. त्यांच्या अंगावरून गाठी येतात, आणि आल्या की ७६ दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजावे लागतात.