पहिलीची शाळा: आधी वह्या बघा

ताई, पाथर्डी फाट्याला राहतो, मुलगी जूनमध्ये पहिलीत जाईल, तर गंगापूर रोडची सीबीएसई शाळा बरी की घराजवळची सेमी इंग्रजी, असं तुम्ही विचारलंय. माझी दोन्ही मुलं नाशिकमध्येच शिकली, म्हणून सविस्तर लिहिते.

बोर्डाचं तूर्त बाजूला ठेवा. पहिलीत मुलीचा संबंध येणार तो वर्गाच्या बाईंशी. थोरल्याला आम्ही इमारत बघून एका शाळेत घातलं होतं. तो दुसरीत असताना वर्षभरात तीन वर्गशिक्षिका बदलल्या. दिवाळीच्या सुट्टीत गणिताची वही चाळली, तर ४३ वजा १८ चं उत्तर ३५, आणि त्यावर लाल पेनाने बरोबरची खूण! पुढच्या पानांवरही तेच. पोरगा सरळ आठातून तीन वजा करत होता. हातचा घ्यायचा असतो हे त्याला कळलंच नव्हतं, आणि कोणाच्या लक्षातही आलं नव्हतं. फार वाईट वाटलं त्या दिवशी.

म्हणून धाकटीच्या वेळी सोसायटीतल्या दुसरी-तिसरीच्या मुलांच्या वह्या मागून बघितल्या. शाळा दाखवते त्या नाही, रोजच्या. चुकलेलं गणित मुलाकडून परत करून घेतलंय का, एवढंच बघायचं. आणि बाई किती वर्षांपासून आहेत, वर्गात मुलं किती, हे थेट विचारायचं. शिक्षण हक्क कायद्यात पाचवीपर्यंत ३० मुलांमागे एक शिक्षक धरलाय.

अंतराचाही विचार करा. गंगापूर रोडच्या शाळेची व्हॅन सिडकोतली मुलं गोळा करत मुंबई नाक्याच्या गर्दीतून जाणार. सहा वर्षांचं लेकरू दुपारी घरी येतं ते दप्तरासकट सोफ्यावर झोपतं, मग खेळायचं कधी?

कागदपत्रांत शाळेचा ११ अंकी यू-डायस क्रमांक, म्हणजे सरकारी नोंदीतला शाळेचा ओळख क्रमांक, मागा. ‘सीबीएसई पॅटर्न’ लिहिलेलं असेल तर सावध व्हा, पॅटर्न म्हणजे संलग्नता नव्हे. संलग्न शाळांची यादी सीबीएसईच्या संकेतस्थळावर आहे, त्यात नाव शोधा. प्रवेशासाठी मुलीची किंवा तुमची परीक्षा घेणं, डोनेशन मागणं, दोन्हीला २००९ च्या त्याच कायद्याने बंदी आहे. फीचं म्हणाल तर राज्याच्या २०११ च्या कायद्यानुसार खासगी शाळेला ती पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे ठेवावी लागते, आणि ठरलेली फी दोन वर्षं तीच राहते. त्या समितीतले पालक कोण, हे ऑफिसात विचारा. उत्तर द्यायला टाळाटाळ झाली तर मी तरी तिथे प्रवेश घेणार नाही.

तुमच्या जागी मी असते तर आधी जवळच्या शाळेत गेले असते, तेही शाळा सुटायच्या वेळी. गेटवर बाई मुलांशी कशा बोलतात ते दिसतं. तिथल्या वह्या नीट तपासलेल्या नसतील, तरच गंगापूर रोडचा विचार करा.