नाव आधी मुलाच्या तोंडी बसवून बघा

मुलांच्या कवितांच्या वेबसाइटसाठी तुम्ही नावांची यादी केली आहे, त्यातली 'बाल', 'काव्य', 'विश्व' जोडून केलेली नावं आधी खोडा. मूल असं बोलत नाही आणि ती ऐकून डोळ्यांपुढे चित्रही उभं राहत नाही. 'झुळूक' मला आवडलं. पण ते रोमन लिपीत टाइप करून बघा: दोन्ही ठिकाणी यू, की दुसऱ्या ठिकाणी डबल ओ? शिवाय ळ तिथे एल होतो, म्हणजे अनोळखी माणूस 'झुलुक' वाचणार. माझ्या साइटचं पहिलं नाव असंच ळ आणि ण यांनी भरलेलं होतं. फोनवर स्पेलिंग सांगता सांगता जीव मेटाकुटीला यायचा.

'डॉट भारत'ने संपणारं देवनागरी डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, मिळतं, पण आतून ते 'एक्सएन' आणि दोन आडव्या रेघांनी सुरू होणाऱ्या रोमन अक्षरांत बदलतं. लिंक पेस्ट केली की कधीकधी तेच अगम्य रूप दिसतं. ते जोडीला घ्या, मुख्य नको. डोमेनच्या दोन डॉटमधल्या एका भागात ६३ पर्यंत रोमन अक्षरं चालतात; तुम्ही बाराच्या आत राहा.

उरलेली दोन-तीन नावं पाच वर्षांच्या मुलाला एकदाच सांगा आणि दुसऱ्या दिवशी विचारा. चित्रकारालाही विचारा, कुठल्या अक्षरावर मांजर बसवता येईल!