एआय खरंच पाच वर्षांत सगळ्या नोकऱ्या खाणार का?

अकाउंट्सचा कोर्स अर्धवट सोडू का, असं तुम्ही विचारलंय. सोडू नका. एआय मी रोज वापरतो, कोड लिहायला आणि लांबलचक कागदपत्रं चाळायला, आणि ते बऱ्यापैकी काम करतं. पण 'पाच वर्षांत सगळं संपलं' हे ऐकलं की मला एआयच्या पहिल्या संशोधकांपैकी एक, हर्बर्ट सायमन आठवतात. वीस वर्षांत यंत्रं माणसाचं कुठलंही काम करतील, असं त्यांनी १९६५ साली लिहिलं होतं. पुढे नोबेल मिळालेला माणूस, म्हणजे ऐरागैरा नव्हे.

२०१६ मध्ये आजच्या एआयचा पाया घालणाऱ्यांपैकी एक, जेफ्री हिंटन म्हणाले, रेडिओलॉजिस्ट (एक्स-रे, स्कॅन वाचणारे डॉक्टर) तयार करणं आता थांबवा, पाच वर्षांत यंत्र त्यांच्यापेक्षा सरस ठरेल. (वेळ लागलाच तर दहा, अशी पुस्तीही जोडली होती.) आज अनेक देशांत रेडिओलॉजिस्ट पुरत नाहीत. सॉफ्टवेअर छातीच्या एक्स-रेमधली गाठ छान शोधतं, नाही असं नाही. पण रेडिओलॉजिस्ट जुन्या स्कॅनशी ताडून बघतो, शंका आली तर उपचार करणाऱ्या डॉक्टरला फोन लावतो, सुई घालून तुकडा काढतो आणि रिपोर्टखाली सही करतो. हिंटननी त्यातलं एकच काम धरलं आणि अख्खा पेशा मोडीत काढला. आज जी भाकितं होतात त्यातली बरीचशी याच जातीची. शिवाय करणारे पुष्कळदा तेच सॉफ्टवेअर विकत असतात.

सहीवरून आठवलं. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोर्टात वकिलांनी चॅटजीपीटीने दिलेले जुन्या खटल्यांचे दाखले जोडले. ते खटले कधी झालेच नव्हते. गंमत म्हणजे त्यातल्या एका वकिलाने 'हे खरे आहेत ना?' असं चॅटजीपीटीलाच विचारलं होतं, आणि त्याने बिनदिक्कत हो म्हटलं! शोभेल असा पुढचा शब्द जोडत जाणं हा त्याचा धंदा. खरंखोटं तपासायचं तर कुणीतरी बाहेर जाऊन पाहावं लागतं. पाच हजार डॉलरचा दंड अर्थातच माणसांना झाला.

तुमच्या क्षेत्रात व्हाउचर एन्ट्रीची, म्हणजे बिलं-पावत्या नोंदवायची, कामं कमी होतील, ती आधीपासूनच होतायत. नुसत्या एन्ट्रीवर पोट भरायचा विचार असेल तर काळजी रास्त आहे. पण ताळेबंद जुळत नसेल तेव्हा घोळ नेमका कुठे आहे हे शोधणं, आणि कर खात्याची नोटीस आली की उत्तर देणं, हे कोर्समध्ये नीट शिकवत असतील तर तो पुरा करा.