'सेट' या शब्दाचे ४३० अर्थ पाठ कसे करायचे?

तुमचं म्हणणं असं, की 'सेट' या एवढ्याशा इंग्रजी शब्दाचे ४३० अर्थ आहेत असं कुठेतरी वाचलंत, परीक्षा तोंडावर आहे, आणि ते पाठ करायची युक्ती हवी आहे. पाठ करू नका. क्लासमध्ये कोणी करायला लावत असेल तर फी परत मागा. मी मागितली नव्हती, त्याची चुटपुट अजून आहे.

१९९६ साल. औंधच्या आयटीआयमधून फिटर होऊन मी भोसरीत एका लहानशा कारखान्यात लागलो होतो, सेटरच्या, म्हणजे कामासाठी मशीन जुळवून देणाऱ्या कारागिराच्या, हाताखाली. साडेतीनला पहिली पाळी सुटली की हात घासून पीएमटीची बस पकडायची आणि सदाशिव पेठेत इंग्रजी संभाषणाच्या क्लासला जायचं. हात कितीही घासले तरी कूलंटचा, म्हणजे मशीनवर धातू कापताना सोडतात त्या तेलपाण्याचा, वास जात नाही, म्हणून मी मागच्या बाकावर बसायचो. बाकीची मंडळी कॉलेजातली, दोन-तीन गृहिणी.

एके दिवशी सरांनी फळ्यावर 'सेट' लिहिलं आणि प्रत्येकाला एकेक अर्थ विचारला. एक मुलगी म्हणाली, सूर्य मावळणे. कोणी टीव्ही सेट, कोणी चहाचा सेट. एका काकूंनी 'जेली सेट होते' सांगितलं, त्यांचं तर फार कौतुक झालं. माझी पाळी आली. मला वाटलं, हा आपल्या घरचाच शब्द आहे. म्हटलं, "सर, करवतीच्या दातांना सेट असतो."

सर थांबले. "काय असतो?"

आता हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. लोखंड कापायची हेक्सा ब्लेड हातात घ्या आणि धारेच्या बाजूने डोळ्यासमोर धरा. दात एका रेषेत दिसणार नाहीत. एक किंचित डावीकडे कललेला, एक उजवीकडे. अगदी बारीक दातांची, ०.८ मिलिमीटर पिचची (पिच म्हणजे दोन दातांमधलं अंतर) ब्लेड असेल तर अख्खी कडच नागमोडी असते. हे मुद्दाम केलेलं असतं. त्यामुळे चीर ब्लेडच्या जाडीपेक्षा थोडी रुंद पडते आणि ब्लेड मोकळी चालते. सेट झिजला की ब्लेड चिरेत आवळते, गरम होते, आणि नवशिक्याने जोर लावला की कट्कन मोडते. माझ्या हातून पहिल्या महिन्यात तीन मोडल्या होत्या. त्यामुळे या शब्दाचा अर्थ मला कोणाला विचारायची गरज नव्हती.

हे सगळं मी तिथे उभा राहून, हातवारे करून सांगितलं. सर हसले. म्हणाले, "ते तुमच्या वर्कशॉपचं इंग्रजी झालं. इथे आपण साहेबाचं इंग्रजी शिकतो." सगळा वर्ग हसला. जेलीवाल्या काकूसुद्धा. दुसऱ्या दिवशी मी खिशात ब्लेडचा तुकडा घेऊन गेलो. सरांनी तो बघितलाही नाही. "ठेवा ठेवा, कुणाला लागेल."

त्यानंतर एका रविवारी जुन्या बाजारात पाठीचं पुठ्ठं सुटलेला एक जाडजूड इंग्रजी कोश मिळाला. घरी येऊन पहिलं काम केलं ते 'सेट' काढला. दोन पानं भरून मजकूर. त्यात होता, करवतीच्या दातांचा सेट! साहेबाच्याच कोशात. माझा जीव भांड्यात पडला. पण खरी गंमत नोंदीच्या शेवटी होती, शब्द आला कुठून त्यात. तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तरही तिथेच आहे. 'सिट' म्हणजे बसणे, आणि 'सेट' हे त्याचंच प्रयोजक रूप, म्हणजे बसवणे. संपलं. हाड बसवतात, अंगठीत खडा बसवतात, मशीनवर जॉब (ज्यावर काम करायचं तो तुकडा) बसवतात, सिमेंट बसतं. घड्याळ आणि गजर आपण लावतो, ते तिकडे 'बसवतात', एवढाच फरक. सूर्यही तिकडे खाली बसतो, आपल्याकडे बुडतो.

आणि आता सांगा, 'बसणे' तुम्ही कधी पाठ केलं होतं? घसा बसतो, धंदा बसतो, विश्वास बसतो, धक्का बसतो, जुनी भिंत पावसात बसते. गणपती बसतात. तुम्ही परीक्षेला बसता. साड्या किती रुपयांना बसल्या म्हणून विचारतो. मशीनवर हात बसतो आणि घरात पाठीत रट्टा बसतो. शाळेत जायच्या आधीच हे सगळं येत होतं, कारण ते कोणी यादी करून शिकवलं नाही. इंग्रजांनाही ४३० येत नाहीत, त्यांना वाक्य येतं.

तो आकडा खोटा नाही. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाच्या १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीतला आहे. ती एक नोंद जवळपास ६०,००० शब्दांची, म्हणजे मध्यम आकाराची कादंबरीच. पुढे त्याच कोशाचं नव्याने संपादन सुरू झालं तेव्हा 'रन' या क्रियापदाने त्याला मागे टाकलं, ६४५ अर्थ. उद्या तुम्ही तेही पाठ करायला बसाल म्हणून आधीच सांगतो.

एक मात्र आहे. चहाचा सेट किंवा गणितातला संच 'बसवणे'मध्ये नीट बसत नाही. त्या अर्थात जुन्या फ्रेंचमधून आलेला, मूळ लॅटिनचा एक वेगळाच शब्द मिसळला आहे, अनुयायांचा गट अशा अर्थाचा. दोन्ही शब्द सारखे दिसायला लागले आणि एकात एक गुंतले. तेव्हा सगळं एकाच किल्लीने उघडेल असं समजू नका. परीक्षेपुरतं म्हणाल तर सेट अप, सेट ऑफ, सेट इन, सेट असाइड, सेट बॅक एवढी जोडरूपं वाक्यात वापरून बघा, बहुतेक काम भागेल. आणि तुमचा प्रश्न प्राध्यापकीच्या सेट परीक्षेबद्दल असेल तर माझा त्यातला काही अभ्यास नाही, हे सगळं उत्तर सोडून द्या.

सरांबद्दलही थोडं. माणूस वाईट नव्हता. 'सेट'चा भूतकाळ सेटच, 'सेटेड' नाही, हे त्यांनीच माझ्या डोक्यात पक्कं बसवलं. काळ शिकवण्यात त्यांचा हात धरणारा मला अजून भेटलेला नाही.

पुढे दोनेक वर्षांनी लक्ष्मी रोडला भेटले. मी तोवर स्वतः सेटर झालो होतो. कोश घरी होता, नाहीतर भर रस्त्यात ते पान उघडून दाखवलं असतं. त्यांनी विचारलं, "काय, कसं चाललंय?" मी मुद्दाम म्हटलं, "एकदम सेट आहे, सर."

म्हणाले, "असं नाही म्हणत. आय ॲम वेल सेटल्ड म्हणा."