वाचकांचे प्रश्न: पोरगा 20 चा, करार 30 लाखांचा

(या वेळची पत्रं बहुतेक फुटबॉलवाल्या घरांतली आहेत. उत्तरं आमचे करसल्लागार आणि क्रीडा मानसशास्त्रज्ञ यांनी मिळून दिली आहेत.)

प्रश्न: मुलगा 20 वर्षांचा आहे. एका क्लबने त्याला वर्षाला 30 लाखांप्रमाणे 2 वर्षांचा करार देऊ केलाय. आम्ही चाळीत राहतो. नातेवाईक म्हणतात, आत्ताच फ्लॅट बुक करा. त्याला मोठी गाडी हवीय. उसने मागणारेही सुरू झालेत. काय करावं?
– एक आई, काळाचौकी

ताई, आधी 30 लाख हा आकडा डोक्यातून काढा. तेवढे हातात येणार नाहीत. करारात तो पगार म्हणून आहे की व्यावसायिक शुल्क म्हणून, ते बघा. शुल्क असेल तर क्लब 10 टक्के टीडीएस (पैसे देतानाच कापून घेतलेला कर) कापतो आणि पोरांना वाटतं, कर भरून झाला. तिथेच फसगत होते. 2025-26 च्या दरांनी, नव्या करप्रणालीत, खर्चाची वजावट न धरता 30 लाखांवर सेससकट 4,99,200 रुपये कर होतो. टीडीएसमध्ये 3 लाख गेले. राहिलेले 1,99,200 त्याने स्वतः 15 जून, 15 सप्टेंबर, 15 डिसेंबर आणि 15 मार्च अशा चार हप्त्यांत आगाऊ भरायचे असतात. चुकवले तर महिन्याला 1 टक्का व्याज. शिवाय अशी मिळकत वर्षाला 20 लाखांच्या वर गेली की जीएसटी नोंदणी आली. 30 लाखांचा आकडा जीएसटी धरून आहे की सोडून, हे सहीआधी लेखी विचारून घ्या. धरून असेल तर साडेचार लाखांहून जास्त त्यातूनच जातील. पैसे 12 महिने येणार की फक्त हंगामाचे, तेही विचारा.

जीएसटी वेगळा आणि पैसे 12 महिने, असं धरून महिन्याचा हिशेब मांडू. 2,50,000 मधून टीडीएस जाऊन 2,25,000 जमा होतात. त्यातले 16,600 कराचे, एजंट असेल आणि 5 टक्के घेत असेल तर 12,500 त्याचे. उरले 1,95,900. घरखर्चाला 40 हजार, मुलाला 30 हजार. बाकीचे सुमारे सव्वा लाख एफडीत. सात महिन्यांत घराच्या आणि मुलाच्या मिळून वर्षभराच्या खर्चाची सोय होते. तोवर फ्लॅट नाही आणि गाडीही नाही.

यासाठी तीन खाती उघडा. क्लबचे पैसे येतात त्या खात्याला यूपीआय जोडू नका, त्याचं कार्डही खिशात नको. दुसरं खातं कराचं. तिसरं रोजच्या वापराचं, त्यात पहिल्या तारखेला 30 हजार जमा होतील आणि संपले की संपले. पासवर्ड मात्र मुलाकडेच हवेत. घरच्यांनी सगळं स्वतःच्या नावावर ठेवलं की 25 व्या वर्षी त्याच घरात भांडणं लागतात.

वर्षभराचा खर्च बाजूला ठेवायचा म्हणजे अति झालं, असं वाटेल. 2025 मध्ये आयएसएलचा (इंडियन सुपर लीगचा) हंगाम लीग चालवण्याच्या हक्कांच्या करारावरून अडला आणि काही क्लबांनी पगार थांबवले, ते आठवा. फिफा या जागतिक फुटबॉल संघटनेच्या नियमाप्रमाणे दोन महिन्यांचा पगार थकला तर 15 दिवसांची लेखी नोटीस देऊन खेळाडू करार मोडू शकतो. पण थकलेले पैसे हातात पडायला पुढे महिने जातात.

कर्जाला एकच कसोटी लावा: शेवटचा हप्ता करार संपायच्या आत फिटला पाहिजे. गाडीचं कर्ज 7 वर्षांचं, घराचं 20 चं आणि करार 2 वर्षांचा. मधे एकदा गुडघ्याचं लिगामेंट गेलं की 6 ते 9 महिने, कधी त्याहून जास्त, मैदानाबाहेर.

उसनवारीसाठी वर्षाची एक रक्कम ठरवा, 1 लाख म्हणा. मंडळाची वर्गणीही त्यातूनच. दिलेले पैसे परत येतील असं धरू नका. रक्कम संपली की ‘पुढच्या वर्षी बघू’, आणि हे वाक्य तुम्ही किंवा सीएने बोलायचं. मुलाला बोलायला लावू नका. चाळीच्या दारात ज्याचा फोटो लावून बॅनर लागलाय, त्याला नाही म्हणणं फार जड जातं.

प्रश्न: मी 19 वर्षांचा. एका गोलचा व्हिडिओ फिरला आणि फॉलोअर्स 60 हजारांवर गेले. पुढच्या दोन मॅच वाईट गेल्या तर त्याच लोकांनी शिव्या घातल्या. रात्री तीनपर्यंत झोप येत नाही. रूममधली मुलं बेटिंग अ‍ॅपवर असतात, मलाही बोलावतात.
– एक खेळाडू, कांदिवली

मॅचच्या रात्री झोप न येणं हा मनाचा कमकुवतपणा नव्हे. साडेसातची मॅच साडेनऊला संपते, शरीर तापलेलं असतं आणि आधी घेतलेल्या कॅफीनपैकी निम्मं पाच तासांनंतरही अंगात असतं. त्यावर तू कॉमेंट वाचत बसतोस. मॅचनंतर फोन किटबॅगमध्ये टाक आणि दुसऱ्या दिवशी दुपारी बारानंतरच काढ. अनोळखी मेसेज बंद कर, शिव्यांचे शब्द फिल्टरमध्ये घाल. अकाउंट बहिणीकडे किंवा मित्राकडे दिलंस तर सगळ्यात उत्तम. कौतुकाच्या कॉमेंटही वाचू नकोस. त्या वाचायची सवय लागली की शिव्याही वाचल्याच जातात.

बोयान क्रकिच 2007 मध्ये 17 व्या वर्षी बार्सिलोनाकडून खेळला. 2008 मध्ये स्पेनच्या संघात पदार्पणाच्या तोंडावर त्याला चिंतेचा झटका आला आणि बाहेर पोट बिघडल्याचं सांगितलं गेलं. खरं कारण त्याने कित्येक वर्षांनी सांगितलं. तू एवढं थांबू नकोस. दोन आठवड्यांहून जास्त झोप उडाली, मॅचआधी उलट्या व्हायला लागल्या किंवा सराव टाळावासा वाटला, तर टीमच्या डॉक्टरांना गाठ. टेलिमानस या मानसिक आरोग्य सेवेचा 14416 हा सरकारी नंबर मोफत आहे, मराठीतही बोलतात.

बेटिंगचं उत्तर एका शब्दात: नाही. सराव अकरापर्यंत संपतो, खिशात पैसे असतात आणि दुपार रिकामी. सवय लागते ती तिथेच. बेटिंगपायीच 2023 मध्ये इटलीचे फुटबॉलपटू निकोलो फाजोलीवर 7 आणि सान्द्रो टोनालीवर 10 महिन्यांची बंदी आली. आपल्याकडे 2025 च्या कायद्याने पैशांचे ऑनलाइन खेळच बंद केलेत. अजून एक: कोण जखमी आहे, कोण खेळणार नाही, हे मित्रांच्या ग्रुपवर टाकणंही महागात पडतं, ते सट्टेवाल्यांपर्यंत जाऊ शकतं. ओळख नसताना कोणी बूट किंवा जेवण देऊ केलं, तर त्याच दिवशी मॅनेजरला सांग.

प्रश्न: मुलगा 16 चा. एक ‘एजंट’ 5 वर्षांचा कागद आणि 25 टक्के मागतोय.
– एक वडील, डोंबिवली

सही करू नका. एजंटकडे फिफाचा परवाना हवा. नाव फिफाच्या यादीत बघता येतं. खेळाडू आणि एजंट यांच्यातला करार जास्तीत जास्त 2 वर्षांचा. फिफाने 2023 च्या नियमांत 2 लाख डॉलरपर्यंतच्या मानधनाला 5 टक्के मर्यादा आखली होती. ती कोर्टकज्ज्यात अडकली, तरी बोलणी त्याच आकड्यापासून सुरू करा. अल्पवयीन मुलाने स्वतः केलेला करार आपल्या कायद्यात मुळात ग्राह्यच नाही, आणि 18 खालच्या खेळाडूला क्लबसुद्धा 3 वर्षांपलीकडे बांधू शकत नाही.

प्रश्न: डोक्यात हवा शिरलीय हे प्रशिक्षकाला लवकर कसं कळावं?
– एक प्रशिक्षक, परळ

सर, महागडे बूट बघू नका, ते सगळेच घेतात. सरावानंतर कोन आणि बिब्ज (सरावाची रंगीत जाकिटं) कोण गोळा करतो ते बघा. पूर्वी करणारा मुलगा आता फोनवर बोलत उभा असेल, तर त्याच आठवड्यात बोला, हंगाम संपायची वाट बघू नका. कामं सगळ्यांना पाळीने लावा, करारवाल्यालाही. मँचेस्टर युनायटेडचे प्रशिक्षक ॲलेक्स फर्ग्युसन आपल्या तरुण खेळाडूला, रायन गिग्जला, मुलाखती देऊ देत नसत. तुम्ही निदान 20 वर्षांखालच्यांना मॅचच्या दिवशी कॅमेऱ्यापासून लांब ठेवा. बारावी झालेल्यांना यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठात नाव घालायला लावा. परीक्षा हंगामाच्या मधे येते, म्हणून वेळापत्रक आधीच क्लबला कळवा. रेल्वेतल्या नोकरीच्या क्रीडा कोट्याची वयोमर्यादा 18 ते 25 आहे, तीही त्यांच्या कानावर घाला. पैसा हातात असताना ती कोणाच्याच लक्षात राहत नाही.