पंप बदलायचा, गाडी विकायची की एफडी मोडायची?

दादा, तुमचा मेसेज दोनदा वाचला. थोडक्यात प्रश्न असा की २०१९ची डिझेल पिकअप, कर्ज फिटलेलं, मोहोळ-बार्शीकडनं सोलापूरच्या मार्केट यार्डात कांदा आणि सीझन नसताना अक्कलकोट रोड एमआयडीसीतनं टॉवेल-चादरीच्या गाठी. आता लोड घेऊन चढाला लागली की गाडी दम सोडते, चेक लाइट लागते, कधी कधी बंदच पडते, पण रिकामी असली की नीट पळते. मेकॅनिकनं स्कॅनर लावला, पी ००८७ कोड आला म्हणजे रेलमध्ये (इंजेक्टरना डिझेल पुरवणारी जाड नळी) प्रेशर कमी, आणि तो म्हणतोय हाय प्रेशर पंप आणि चारी इंजेक्टर (इंजिनात डिझेल फवारणारे पार्ट) बदला, एक लाख दहा हजार. एजंट म्हणतोय अडीच लाखात आहे तशी द्या, वरचं आठ लाख लोन करून नवीन घ्या. आणि तुमचा विचार चाललाय लेकीच्या पॉलिटेक्निकसाठी ठेवलेली दीड लाखाची एफडी मोडायचा.

माझं मत आधीच सांगतो, एफडीला हात लावू नका, आणि एजंटला तर आत्ता फोनच करू नका. आधी दोन-तीन हजार तपासणीवर घालवा, कारण तुम्हाला अजून बिघाड कळलेलाच नाहीये, फक्त कोड कळलाय.

मी गाड्यांचा मेकॅनिक नाही, पण माझे निम्मे क्लायंट ट्रान्सपोर्टवाले आहेत आणि हे इतक्या वेळा बघितलंय की आता पैशाच्या आधी मी पार्टचं विचारतो. कॉमन रेल गाडीत डिझेलचे दोन टप्पे असतात. टाकीतनं फिल्टरमार्गे पंपापर्यंत डिझेल येतं ते अगदी कमी प्रेशरला, आणि पुढे हाय प्रेशर पंप ते दाबून रेलमध्ये भरतो, आयडलला (गाडी उभी, इंजिन चालू) साधारण अडीचशे-तीनशे बार आणि फुल लोडला हजाराच्या बरंच वर. आता मागनं डिझेलच कमी आलं तर पुढचा पंप कितीही चांगला असला तरी रेल भरणार कुठनं? कोड तोच येणार, पी ००८७, आणि पंपाचं नाव उगाच खराब होणार. तुमची गाडी रिकामी नीट चालते आणि लोडवरच दम सोडते, हे तर फिल्टर चोंदल्याचं अगदी नेहमीचं लक्षण आहे. त्यात तुम्हीच लिहिलंय की सीझनमध्ये शेतावरच्या ड्रममधलं डिझेल भरता आणि फिल्टर शेवटचा कधी बदलला ते आठवत नाही. ड्रममध्ये पाणी साचतं, तळाला गाळ असतो, तो सगळा टाकीच्या जाळीत आणि फिल्टरमध्ये येऊन बसतो.

म्हणून क्रम असा धरा. फिल्टर बदला, चांगल्या कंपनीचा, आणि जुन्या फिल्टरमधलं डिझेल फेकून न देता पांढऱ्या वाटीत ओता, उन्हात धरून बघा. तळाला पाण्याचे थेंब किंवा काळा गाळ दिसला तर टाकी उतरवून धुवा, जाळी साफ करा, टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक बंद नाही ना तेही बघा (हे लोक विसरतात). मग टाकी ते पंप या लाइनमध्ये हातभर पारदर्शक नळी लावून गाडी चालू करा, बुडबुडे दिसले तर कुठंतरी पाइप चिरलाय किंवा क्लिप ढिली आहे, हवा ओढतीये, त्याला शंभर-दोनशे रुपये लागतात. एवढं करून फरक नाही पडला तर रिटर्न टेस्ट करायला लावा. चारी इंजेक्टरच्या रिटर्नला, म्हणजे उरलेलं डिझेल टाकीकडे परत नेणाऱ्या नळीला, चार छोट्या बाटल्या लावायच्या, इंजिन ठराविक वेळ चालवायचं, जी बाटली बाकीच्यांपेक्षा लवकर भरते तो इंजेक्टर आतनं गळतोय. म्हणजे चार नाही, एकच बदलायचा. प्रेशर सेन्सर आणि रेग्युलेटर व्हॉल्व्हसुद्धा चालू गाडीत स्कॅनरवर बघता येतो, मागितलेलं प्रेशर आणि मिळालेलं प्रेशर दोन्ही आकडे शेजारी दिसतात, ते लोडवर फिरवून बघायला सांगा, गॅरेजमध्ये उभ्या गाडीवर नको.

आणि एक हात जोडून सांगतो, चालू इंजिनचा रेलकडचा पाइप कोणी ढिला करायला लागला किंवा गळती हातानं चाचपायला लागला तर थांबवा. त्या प्रेशरची बारीक धार कातडीत शिरते, बोट कापायची वेळ येते.

आता मेकॅनिक खरा कधी ठरेल? त्या वाटीत चमचमणारी धातूची बारीक पूड दिसली तर. मग पंप आतनं झिजलाय, ती पूड रेल आणि इंजेक्टरपर्यंत गेलेली असणार, आणि तिथं अर्धं काम करून चालत नाही, पंप बदलून घाण इंजेक्टर ठेवले तर पैसे पुन्हा वाया जातात. पण तेव्हाही इंजेक्टर टेस्ट बेंचवर लावून प्रत्येकाचा रिपोर्ट घ्या, पक्कं बिल आणि वॉरंटी लिहून घ्या, नवीन इंजेक्टरचा कोड ईसीयूमध्ये (इंजिनच्या कॉम्प्युटरमध्ये) टाकून घ्या. भंगारातला पंप स्वस्तात मिळतोय म्हणून घेऊ नका. इन्शुरन्सवाल्याला विचारत बसू नका, साध्या मोटर पॉलिसीत मेकॅनिकल बिघाड आणि झीज धरत नाहीत.

आता पैशाकडे येऊ. समजा सगळ्यात वाईट झालं आणि एक लाख दहा हजारच लागले. तुमच्या सेव्हिंगमध्ये पंचेचाळीस हजार आहेत, त्यातले तीस वापरा, उरलेल्या ऐंशी हजारांसाठी वहिनींशी बोलून बँकेत गोल्ड लोन करा. दहा टक्के व्याज धरलं आणि सहा महिने एक रुपयाही मुद्दल फेडलं नाही तरी व्याज चार हजार होतं. कांद्याच्या सीझनमध्ये तुमच्या हातात महिन्याला अठ्ठावीस-तीस हजार उरतात म्हणता, म्हणजे मधनंमधनं मुद्दल भरत राहिलात तर त्याहून कमीच. उलट नवीन गाडीचं आठ लाखांचं लोन, पाच वर्षं, अकरा टक्के घसरत्या व्याजानं (उरलेल्या मुद्दलावरच व्याज) धरलं तर हप्ता १७,३९४ आणि एकूण व्याज २ लाख ४३ हजारांच्या वर. तुमचा बिगरसीझनचा नफा महिना अठरा हजार आहे दादा. म्हणजे सहाशे रुपयांत घर चालवायचंय का? एजंटनं ‘सात टक्के फक्त’ म्हटलं तर विचारा फ्लॅट का, म्हणजे शेवटपर्यंत पूर्ण रकमेवर व्याज का, कारण पाच वर्षांचं सात टक्के फ्लॅट म्हणजे खरं साडेबारा टक्के पडतं, हप्ता १८,०००.

विकायचीच म्हटली तरी आत्ता नाही. तुम्हीच लिहिलंय की अशा चालू गाडीला साडेचार लाख मिळतात आणि तुमच्या बिघडलेल्या गाडीला अडीच देतायत. दोन लाखांचा फरक आहे, सगळ्यात महाग दुरुस्ती त्याच्या निम्म्याच्या जरा वर आहे. दुरुस्त करून, सीझन मारून, मग शांतपणे विकायची का ते बघू. आठ वर्षं झाली की आरटीओचं फिटनेस सर्टिफिकेट दर वर्षी करावं लागेल, ते २०२७ पासून लागू होईल, तेव्हा हा विषय परत काढायला हरकत नाही. गिअरबॉक्स किंवा चेसिसचं काही काम निघालं असेल तर मात्र मला आत्ताच सांगा, मग गणित बदलेल.

एफडी मोडायची नाही हे परत लिहितो. मुदतीआधी मोडली की बँक व्याज कापते ते ठीक, ती रक्कम छोटी असते, पण जूनमध्ये ॲडमिशनची फी भरायच्या दिवशी ते पैसे नसले तर तुम्ही नड म्हणून खासगी सावकाराच्या दारात जाल, तीन-चार टक्के महिना देऊन. ती एफडी लेकीची आहे, गाडीची नाही. गाडीसाठी वेगळी आरडी काढा, सीझनमध्ये तीन हजार, बाकी महिने हजार, आणि फिल्टर बदलल्याची तारीख आणि किलोमीटर डॅशबोर्डवर मार्करनं लिहा.

या आठवड्यात फिल्टर आणि लाइनचं काम करून घ्या, लोड टाकून तुळजापूर घाटावर एकदा नेऊन आणा. तरी दम सोडला तर रिटर्न टेस्टच्या चारी बाटल्यांचा आणि त्या वाटीतल्या डिझेलचा फोटो पाठवा, सोबत मेकॅनिकचं लेखी कोटेशन, पार्ट आणि मजुरी वेगळी दाखवलेलं. ते बघून गोल्ड लोन चाळीसचं करायचं की ऐंशीचं ते ठरवू.