‘लॉर्ड ऑफ द फ्लाईज’ वाचून माणूस मुळातच क्रूर असतो हे सिद्ध होतं का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत: विल्यम गोल्डिंगची ही कादंबरी माणसाची मूळ वृत्ती क्रूर असल्याचं दाखवते का, आणि वाचनगटात बोलायला तिच्यातलं नेमकं काय घ्यावं. दुसरीचं उत्तर शेवटी थोडक्यात देतो. पहिलीवर मात्र सविस्तर लिहिल्याशिवाय राहवत नाही. ‘नियम सुटले की माणसाचं जनावर होतं’ हे वाक्य या पुस्तकाच्या गळ्यात इतक्यांदा बांधलं गेलंय, की पुस्तकात प्रत्यक्ष काय घडतं ते बघायची कुणाला गरजच वाटत नाही.

विमान कोसळून निर्जन बेटावर अडकलेल्या, सोबत एकही मोठं माणूस नसलेल्या मुलांची ही गोष्ट. मुलं राल्फला प्रमुख निवडतात, पुढे जॅक फुटून आपली वेगळी टोळी काढतो. पण बेटावर नियम सुटत नाहीत, बदलतात. नव्या नियमांचा जाच जुन्यांपेक्षा कितीतरी जास्त आहे.

जॅककडेच बघा. पहिल्या प्रकरणात तो येतो तो काळ्या झग्यांतल्या गायक मुलांची रांग घेऊन, उन्हात वाळूवरून कवायत करवत. सायमन घेरी येऊन पडतो, तरी जॅकला त्याचं काही वाटत नाही. दुसऱ्या प्रकरणात नियम हवेत या मुद्द्यावर तो राल्फच्याही पुढे जातो, आणि मोडणाऱ्याचं काय करायचं या कल्पनेनेच त्याला उकळ्या फुटतात. म्हणजे नियमांचा तिटकारा असलेला मुलगा हा नव्हेच. त्याला शिक्षा करता येईल असे नियम हवे आहेत. राल्फच्या शंखाच्या नियमात (ज्याच्या हातात शंख, त्यानेच बोलायचं) शिक्षेला जागाच नाही, आणि ते जॅकला खुपतं.

आता दहावं प्रकरण उघडा. नवव्यात मुलं सायमनला त्यांच्या कल्पनेतलं श्वापद समजून मारतात. बहुतेक लोक त्यानंतर धापा टाकत अकराव्याकडे जातात आणि दहाव्यातला जॅकच्या ठाण्यावरचा प्रसंग डोळ्यांखालून नुसता घालतात. माझ्या मते सगळी कादंबरी त्या चार-पाच पानांत आहे.

रॉजर हा मुलगा त्या ठाण्याकडे, कॅसल रॉककडे येतो. वरून पहारेकरी त्याला हटकतो. तो रॉबर्ट आहे, रोजचा ओळखीचा. मी कोण ते दिसत होतं की, असं रॉजर म्हणतो. त्यावर रॉबर्ट सांगतो, प्रत्येकाला हटकायचा नायकाचा, म्हणजे जॅकचा, हुकूम आहे. मग तो रॉजरला वर नेऊन एक सोय दाखवतो. सगळ्यात वरच्या खडकाखाली एक ओंडका अडकवलाय आणि त्याला टेकू देऊन दुसरा ओंडका तरफेसारखा लावलाय. जरा भार दिला की खडक करकरतो. पूर्ण जोर लावला तर तो थेट खालच्या चिंचोळ्या वाटेवर कोसळेल. रॉजरला हे फार आवडतं. मग रॉबर्ट सांगतो, नायक आता विल्फ्रेडला मारणार आहे. कशासाठी? ते माहीत नाही. तो चिडला, त्याने विल्फ्रेडला बांधायला लावलं, आणि विल्फ्रेड कित्येक तास तसाच वाट बघत बसलाय. हे सांगताना रॉबर्टला हसू आवरत नाही.

इथे बेबंदशाही कुठे आहे? पहारा आहे, हुकूम आहे, संरक्षणाची यंत्रणा आहे, शिक्षा आहे. नाही ते फक्त कारण. कारण द्यावं लागत नाही अशी सत्ता असू शकते, हे रॉजरला त्या क्षणी उमगतं आणि तो दात चाचपायचं थांबवून विचार करत बसतो. याच रॉजरने चौथ्या प्रकरणात लहानग्या हेन्रीच्या दिशेने दगड फेकले होते, पण नेम चुकवून. हेन्रीभोवती साधारण सहा यार्ड व्यासाची एक जागा त्याने सोडली होती, कारण आईबाप, शाळा, पोलीस आणि कायदा अजून त्याच्या दंडात जिवंत होते. अकराव्या प्रकरणात तोच हात तरफेवर आपला सगळा भार टाकतो आणि राल्फचा साथीदार पिगी मरतो. मधल्या काळात रॉजरचा स्वभाव पालटलेला नाही. त्याच्या डोक्यावर असा नायक आला, ज्याच्याकडे हे काम करणाऱ्याला पद आहे. शेवटाकडे सगळ्या टोळीत जल्लादाचं काम त्याच्याकडेच असतं.

दहाव्याच प्रकरणात पुढे भीतीचं राजकारण उघडं पडतं. काल रात्री आपण श्वापदाला मारलं ना, असं टोळीतला स्टॅन्ली चाचरत विचारू लागतो. जॅक ताडकन नाही म्हणतो. श्वापद वेश पालटून आलं होतं आणि पुन्हा येईल. एका वाक्यात दोन कामं झाली: सायमनच्या खुनाची आठवण कुणाला स्वतःशी कबूल करावी लागली नाही, आणि भीती कधी संपणार नाही याचीही तजवीज झाली. मेलेल्या श्वापदाचा पहारेकऱ्याला काय उपयोग?

श्वापदाचा प्रवास प्रकरणागणिक टिपून ठेवा. दुसऱ्यात ते वेलींसारखं, सापासारखं आहे. पाचव्यात समुद्रातून येतं. सहाव्यात आकाशातून, पॅराशूटला लटकलेल्या मेलेल्या सैनिकाच्या रूपात. आठव्यात त्याला डुकराचं मुंडकं वाहिलं जातं. दहाव्यात ते कुणाच्याही रूपात येऊ शकतं.

राल्फचं चुकतं कुठे, हे कुणी विचारत नाही. पाचव्या प्रकरणातली सभा बघा. तो ती उशिरा, उजेड कमी होताना घेतो. क्रमाने पाणी, झोपड्या, शौचाची जागा, सुटकेसाठी धूर करायचा जाळ असे विषय घेतो आणि भीती ठेवतो सगळ्यात शेवटी, अंधार पडल्यावर. भीतीवर चर्चा करून त्यात काही नाही असं ठरवून टाकू, असा त्याचा बेत. त्यातून पुढे भुतं आहेत का यावर हात वर करवले जातात, आणि अंधारात पोरं घाबरूनच हात वर करतात. त्याआधीची चूक याहून मोठी आहे. पिगी पहिल्या दिवशी नावं टिपायला बघतो, पण यादी पुरी होत नाही. बेटावर मुलं किती हेच कुणाला ठाऊक नाही. म्हणून पहिल्याच वणव्यात चेहऱ्यावर डाग असलेला छोटा मुलगा दिसेनासा होतो तेव्हा हिशेब कुणाला देता येत नाही. माझं ठाम मत आहे, ही व्यवस्था तिथेच हरली.

इंग्रज तत्त्वज्ञ हॉब्जने १६५१ मध्ये ‘लेव्हायथन’मध्ये मांडलं की भीतीपोटी माणसं एका सत्तेपुढे मान तुकवतात आणि त्यातून शांतता येते. गोल्डिंग १९५४ मध्ये दाखवतो की त्याच भीतीतून कॅसल रॉकही उभा राहतो. याच हॉब्जने प्राचीन ग्रीक इतिहासकार थ्युसिडिडीसचं इंग्रजी भाषांतर केलं होतं, ते १६२९ मध्ये छापलं गेलं. त्यात इ.स.पू. ४२७ च्या, कॉर्सायरा या ग्रीक बेटावरच्या यादवीचं वर्णन आहे. तिथे अविचारी धाडसाला निष्ठा म्हणू लागले आणि सबुरीला भेकडपणा. तो भाग कादंबरीसोबत जरूर वाचा.

आता टोंगाच्या मुलांबद्दल, कारण गटात कुणीतरी तो मुद्दा काढणारच. १९६५ मध्ये प्रशांत महासागरातल्या टोंगा या देशाचे सहा शाळकरी मित्र ‘आता’ (Ata) नावाच्या निर्जन बेटावर अडकले आणि सप्टेंबर १९६६ मध्ये पीटर वॉर्नर या ऑस्ट्रेलियन माणसाच्या बोटीने त्यांची सुटका झाली. त्यांनी जाळ विझू दिला नाही, कामाच्या पाळ्या लावल्या, भांडण झालं की दोघांनी वेगळं व्हायचं असं ठरवलं, एकाचा मोडलेला पायही नीट बसवला. म्हणून गोल्डिंग खोटा ठरला असं म्हणतात. मला पटत नाही. ते सहाच होते, एकमेकांना ओळखत होते, कोण कुठे आहे हे प्रत्येकाला माहीत होतं, आणि कुणाला श्वापद विकायचं नव्हतं. गोल्डिंगच्या बेटावर नेमकं हेच नव्हतं.

दोन गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. सगळी मुलं इंग्रज आहेत, एकही मुलगी नाही. त्यामुळे इथून अखिल मानवजातीवर उडी मारू नका. ‘रानटी’ या शब्दामागे वसाहतवादी नजर आहे, तीही गटात बोलून टाका. आणि पिगीच्या चष्म्याने जाळ पेटतो ही सरळ चूक आहे. त्याला लांबचं दिसत नाही, म्हणजे भिंगं अंतर्वक्र, आणि त्यांनी ऊन एका बिंदूवर येत नाही. या चुकीवर वेळ घालवू नका, कादंबरीचं त्याने काही बिघडत नाही.

गटासाठी एवढंच करा: चौथ्या प्रकरणातला दगडांचा प्रसंग आणि दहाव्यातला कॅसल रॉकचा प्रसंग लागोपाठ मोठ्याने वाचा. मग ‘नियम सुटले’ म्हणणाऱ्याला विचारा, विल्फ्रेडला बांधलं तेव्हा नेमका कोणता नियम सुटला होता?